दोन मोडक्या जीपची एक धड जीप

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाचे, बियाण्याचे आणि पीकविम्याचे बोलणे सकाळपासून चालू आहे. जेवणाआधीचा अर्धा तास आम्हाला दिला आहे आणि विषय दिला आहे भंगाराचा. मागे बसलेले काही जण हसताहेत. हसा. पण ज्यांचे शेत पांदणीच्या टोकाला आहे त्यांनी पुढे सरकून बसावे, कारण हे बोलणे त्यांच्यासाठी आहे.

आम्ही चार घरांची माणसे. चौघांची मिळून जमीन ४१ एकर, सगळी कोरडवाहू. कापूस, तूर आणि थोडी ज्वारी. ज्वारी आता माणसांपेक्षा बैलांच्या कडब्यासाठीच पेरतो म्हणा ना. वस्तीपासून डांबरी सडक चार किलोमीटर, आणि सडकेला लागल्यावर दवाखाना आणखी सात किलोमीटर. वरचे सात किलोमीटर पंधरा मिनिटांचे. खालचे चार किलोमीटर काळ्या मातीची पांदण आणि मध्ये दोन नाले. श्रावणात या पांदणीतून बैलबंडी काढायला दोन तास लागतात. कपाशीत निंदण करताना बाईला साप चावला तर ते दोन तास कुठून आणायचे, हा आमचा प्रश्न होता. जीपचा शौक म्हणून आम्ही या कामाला हात घातला नाही.

ट्रॅक्टर का नाही, असे आम्हाला दर वेळी विचारतात. ट्रॅक्टर पांदणीतून निघतो, खरे आहे. पण त्यावर आजारी माणसाला झोपवता येत नाही, आणि एकदा ट्रॅक्टर गेला की जी चाकोरी पडते तिच्यातून महिनाभर बंडी जात नाही. नवी चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यावी तर दहा लाखांच्या वर पैसे लागतात. दहा लाख म्हटल्यावर बोलणे तिथेच संपले.

आमच्यातल्या एकाच्या गोठ्याच्या आडोशाला १९८२ सालची उंच बॉनेटची डिझेल जीप अकरा वर्षे उभी होती. बॉनेटखाली कोंबडी अंडी घालत होती. कबाड्याने तिचे तीस हजार रुपये सांगितले होते. आम्ही ती विकली नाही. तिच्याच जातीची दुसरी मोडकी जीप विकत घेतली आणि दोघींची मिळून एक केली.

ही गाडी आहे तरी कोणती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी जीप बनवली. युद्धानंतर विलीजने तिलाच शेतकऱ्याची गाडी म्हणून विकायला काढले. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली, १९४७ मध्ये तिने मुंबईत जीपची जोडणी सुरू केली आणि १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. म्हणजे तुमच्या-आमच्या गावात जी जीप आली ती मुळात नांगराच्या आणि बंडीच्या रस्त्यावर चालावी म्हणूनच बनलेली होती.

पुढे पेट्रोल महाग झाले आणि डिझेल इंजिन आले. आमच्या जीपचे इंजिन २३५० सीसीचे, चार सिलिंडरचे. त्याचा वंश इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचा. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून जी ट्रॅक्टर कंपनी काढली, तिचा हा ट्रॅक्टर. हे सांगायचे कारण इतिहास नाही. कारण असे, की शहरातल्या गाडीच्या गॅरेजात या इंजिनाकडे पाहून पोरे डोके खाजवतात, आणि तालुक्याच्या ट्रॅक्टर मिस्त्रीला ते आपल्या घरचे वाटते. नंतरच्या जीपना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या घराण्याचे डिझेल इंजिन आले. त्याचे नटबोल्ट मिलिमीटरच्या मापाचे आणि जुन्या चेसिसचे इंचाच्या मापाचे. दोन्ही एका डब्यात टाकले की संपले. नट दोन आटे चढतो, तिसऱ्याला अडतो, आणि जोर लावला की आटे मरतात. डबे वेगळे ठेवा.

दुसरी जीप घेताना

कबाड्याकडे आम्ही आधी दोन काळ्या-पिवळ्या पाहिल्या. स्वस्त होत्या. सोडून दिल्या, कारण प्रवासी वाहतुकीच्या पुष्कळ जीपना पुढच्या चाकांचा जोर नसतोच. बाहेरून जीप तीच दिसते, पण खाली वाकून पाहिले तर पुढचा धुरा नुसता लोखंडी दांडा. मधोमध भोपळ्यासारखा डिफरन्शल नसेल तर ती गाडी आपल्या कामाची नाही. तिसरी जीप सरकारी लिलावातून आलेली, चारही चाकांची होती. इंजिन फुटलेले, टप सडलेला, पण पुढचा-मागचा धुरा आणि ट्रान्स्फर केस शाबूत.

कोणती जीप ठेवायची आणि कोणती फोडायची, हे लोखंड पाहून ठरवायचे नाही, कागद पाहून ठरवायचे. ज्या चेसिसवरचा नंबर नोंदणी पुस्तकाशी जुळतो, ती चेसिस राहणार. आमच्या जीपचे पुस्तक आजोबांच्या पेटीत होते, म्हणून आमची चेसिस राहिली. फोडायची जी गाडी असेल तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीची पावती हातात घेतल्याशिवाय पाना लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. तो कागद नसेल तर उद्या चोरीचा माल म्हणून आपल्याच अंगणातून जप्ती व्हायची.

चेसिस सरळ आहे का

उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि फेब्रुवारीत आम्ही काम उघडले. मृग लागायच्या आत संपवायचे ठरले होते. पहिले तीन दिवस एकही बोल्ट खोलला नाही, नुसती मापे घेतली.

घराचा पाया आखताना आपण कर्ण मोजतो ना, तेच. चेसिस चार ठोकळ्यांवर समपातळीत ठेवली. पाटे जिथे टांगतात त्या चार बोल्टांवरून ओळंबा सोडला आणि जमिनीवर चुन्याने चार खुणा केल्या. मग गाडी बाजूला ढकलून तिरपी दोन मापे दोरीने घेतली. दोन्ही सारखी आली तर चेसिस सरळ. पाव इंचापर्यंत फरक चालवून घ्यावा. त्यापेक्षा जास्त असेल तर ती चेसिस कधी काळी आपटलेली आहे, आणि तिच्यावर कितीही खर्च केला तरी गाडी खेकड्यासारखी तिरपी चालेल, टायर खाईल.

तडा पाहायलाही यंत्र लागत नाही. भाग घासूनपुसून रॉकेल किंवा डिझेलात बुडवा, कोरड्या फडक्याने खरपूस पुसा, वर खडूची पूड लावा आणि हातोडीने हलके टोका. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. पुढच्या धुऱ्याच्या एका नकलवर अशी रेघ आम्हाला दिसली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते. तो भाग त्याच दिवशी भंगारात गेला. वेल्डिंग करून वापरू, असे एकजण म्हणाला. आमचे उत्तर ठाम आहे: स्टिअरिंगचा आणि ब्रेकचा कोणताही भाग वेल्डिंग करून वापरायचा नाही. टपाला, फरशीला, बंपरला हवे तेवढे ठिगळ लावा.

दात मोजा

आता ज्याच्यासाठी आम्हाला इथे उभे केले आहे ते सांगतो. दुसऱ्या गाडीचे भाग बसवताना सगळ्यात जास्त गाड्या कशाने वाया जातात? धुऱ्याच्या दातांनी.

इंजिनाचे फिरणे चाकापर्यंत जाताना तीन ठिकाणी कमी होते आणि तेवढा जोर वाढतो. मूळ विलीज सीजे-३बी चा हिशोब घ्या. पहिल्या गिअरला इंजिनाचे २.८ फेरे म्हणजे पुढे एक. ट्रान्स्फर केस लो मध्ये टाकली की २.४६ चा एक. आणि धुऱ्यात पिनियनला ८ दात, क्राउनला ४३, म्हणजे ५.३८ चा एक. तिन्हींचा गुणाकार करा, साधारण ३७ येतो. इंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. म्हणून ती गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, न थांबता चिखलातून निघते.

पण सगळ्या जीपना ४३ दात नसतात. आम्ही आणलेल्या जीपच्या धुऱ्यात ८ ला ३९ निघाले, म्हणजे ४.८८. आमच्या जुन्या मागच्या धुऱ्यात ४३. समजा, आम्ही फक्त पुढचा धुरा बदलला असता. मागची चाके एका चालीने फिरणार, पुढची दुसऱ्या चालीने, आणि दोन्ही एकाच ट्रान्स्फर केसला बांधलेली. ही बैलजोडी एका जुवाला जुंपून एकाला धावायला लावायचे आणि दुसऱ्याला चालायला लावायचे, तसेच झाले. चिखलात चाके घसरून निभावते. कोरड्या, कडक जमिनीवर पुढचा जोर लावून गाडी चालवली की ट्रान्स्फर केस फुटते नाहीतर क्रॉस तुटतात.

धुरा न उघडता हे ओळखता येते. मागचे एक चाक जमिनीवर राहू द्या, दुसरे जॅकने उचला. गाडी न्यूट्रलमध्ये, प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाच फेऱ्यांहून थोडे जास्त, सव्वापाचच्या पुढे भरले तर दात ४३ चे. पाचही पुरे झाले नाहीत तर ३९ चे. दोन फेरे का? एक चाक अडकलेले असले की डिफरन्शल दुसऱ्या चाकाला दुप्पट फिरवते म्हणून. पुढच्या धुऱ्यालाही हेच करा. आणि हे कबाड्याच्या अंगणातच करा, घरी आणून नाही.

आम्ही नव्या गाडीचे दोन्ही धुरे जोडीने घेतले. ३७ चा आकडा ३३-३४ वर आला, म्हणजे लो गिअरचा जोर थोडा कमी झाला, पण सडकेवर इंजिन कमी ओरडते आणि डिझेल वाचते. आणखी एक गोष्ट होते. स्पीडोमीटरची तार ट्रान्स्फर केसवरून निघते, तिला धुऱ्यातला बदल कळत नाही. काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी खरी ४४ ने चाललेली असते. काचेवर आम्ही तसे लिहून चिकटवले आहे.

कोरड्या डांबरी सडकेवर पुढचा जोर लावायचा नाही, हे दात जुळले तरी पाळायचे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत तो फरक सोडवणारे काही नाही.

काय घ्यायचे, काय नाही

लोखंड जुने घ्या, रबर जुने घेऊ नका. हाऊसिंग, क्राउन-पिनियन, गिअरबॉक्सचे खोके, पाटे, चाकाच्या डिश, बंपर, बॉनेट हे दुसऱ्या गाडीचे चालते. ऑइल सील, ब्रेकचे वायसर, होज पाइप, ब्रेक लायनर, टाय रॉड एंड, यू-बोल्ट हे नवेच. ब्रेकची नळी लोखंडी, बाजारात ब्रेकची म्हणून मिळते तीच. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी असते म्हणून लावतात. ती हादऱ्याने तडकते. जुन्या जीपला चारही चाकांचा ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर असतो. एक नळी फुटली तर चारही ब्रेक गेले. आमच्या नाल्याच्या उतारावर असे झाले तर पुढे हॅंडब्रेक आणि देव. म्हणून हॅंडब्रेकही आम्ही नवा केल्यासारखा केला.

पुढच्या चाकाजवळ धुऱ्याचे टोक एका गोलाकार वाटीत असते. तिच्या तोंडाचे नमदे आणि सील खराब झाले की काळ्या मातीचे पाणी आत जाते आणि ग्रीसचे तांबडे पाणी होते. हे भाग उघडून, रॉकेलने धुऊन, नवे नमदे घालून बसवले. पावसाळा संपला की दरवर्षी हे उघडून पाहायचे, जसे आपण बंडीच्या आसाला वंगण देतो.

इंजिन तालुक्याच्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडे गेले. आमच्यातल्या एका घरची मुलगी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकली आहे. क्रँक तिने मायक्रोमीटरने स्वतः मोजली. क्रँक झिजली की लेथवर घासून दहा थाऊ, वीस थाऊ, तीस थाऊ अशी मापे कमी करतात आणि त्या त्या मापाची बेअरिंगे घालतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवाला म्हणाला वीस, तिने मोजून सांगितले दहात निघते. दहात निघाली. पुढच्या खेपेसाठी लोखंड शिल्लक राहिले, ही त्या मुलीची कमाई. एकेक भाग कुठून काढला त्याचे चित्र आणि बोल्टचे माप तिनेच शाळेच्या वहीत लिहून ठेवले. ती वही नसती तर जूनमध्ये आमच्याकडे गाडी नसती, तीन पोती नटबोल्ट असते.

टायर आम्ही मूळचे सहा इंची, सोळाच्या रिमचे, अरुंदच ठेवले. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीला जुन्या जीप सजवून विकण्याचा मोठा धंदा आहे, तिथल्या रुंद टायरच्या जीप पाहून आमच्या पोरांचे डोळे फिरले होते. काळ्या मातीत रुंद टायरला चिखलाचे लाडू चिकटतात आणि तो वरच तरंगत घसरतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरमाला टेकतो. अर्थात पांदणीत दोन दिवस संततधार लागली तर कोणतीच जीप निघत नाही, हेही सांगून ठेवतो. तेव्हा साखळी आणि बैल.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधी जाऊ नका. आमच्या अंगणात सागाचे ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरायचे नाही, हा नियम पोरांनाही होता आणि म्हाताऱ्यांनाही.

कागद

कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तक विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. म्हणून पेट्रोलच्या जीपमध्ये कुठल्याही दुसऱ्या गाडीचे इंजिन, लांबवलेली चेसिस, कापलेला टप असले उद्योग करू नका. त्याच जातीचे इंजिन बदलायचे असले तरी आरटीओची परवानगी आधी घ्या आणि नवा नंबर पुस्तकात चढवा. आम्ही आमचेच इंजिन राखले, त्यामुळे हा त्रास वाचला. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांची फी बरीच वाढली आहे. ती खर्चात आधीच धरा. आमची फेरतपासणी दुसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या खेपेला मागचा एक दिवा लागला नाही.

हिशोब

रोख खर्च १ लाख १८ हजार. त्यात दुसरी जीप, लेथ, इंजिनाचे सामान, टायर, बॅटरी, फी सगळे आले. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, सव्वा लाखाच्या आत जीप! कापसाच्या उत्पादन खर्चात घरच्यांची मजुरी धरलीच पाहिजे असे आपण म्हणतो, आणि घरच्या कामाला मात्र स्वतःच फुकट धरतो. आम्ही चार घरांनी ७० दिवस काम केले. ५०० रुपये रोजाने ३५ हजार. आमची जुनी जीप कबाडी ३० हजाराला घेत होता, तेही धरले पाहिजेत. एकूण १ लाख ८३ हजार. या आकड्याला परवडते का, हे ज्याने त्याने आपल्या पांदणीकडे पाहून ठरवावे. सडकेवर घर असलेल्याला मुळीच परवडत नाही. त्याने जुनी मोटार घ्यावी.

चार घरांत गाडी म्हटली की भांडण आलेच, म्हणून आधी कागद केला. किल्ली एकाच घरी राहते. डिझेल ज्याचे काम त्याचे. आजारी माणूस आणि बाळंतीण यांचा नंबर पहिला, आणि त्यांचे डिझेल चौघांत. मग ते घर आमच्यातले असो की नसो. लग्नाच्या वरातीला गाडी द्यायची नाही, हे कलम बायकांनी घातले. भाड्याने प्रवासी न्यायचे नाहीत, कारण नोंदणी खाजगी आहे. गेल्या पावसाळ्यात गाडी अशी सहा वेळा रात्री निघाली. त्यातली दोन माणसे आज या मांडवात बसली आहेत. नाव घेत नाही, ती लाजतील.

फोडलेल्या जीपचे उरलेले सामान अजून आमच्याकडे आहे. तीन गिअरचा गिअरबॉक्स, त्याचा दुसरा गिअर उडी मारतो. पाट्यांचे दोन संच. रेडिएटर, वरची टाकी गळकी. आणि आमचे जुने ४३ दातांचे दोन्ही धुरे, पुढच्याची एक नकल सोडून. ज्यांच्या जीपला ४३ च दात आहेत त्यांनी पुढचा-मागचा मोजून यावे, वहीतली चित्रे उतरवून न्यावीत आणि सामान भंगाराच्या भावाने न्यावे. पोळ्यापर्यंत ठेवू, मग कबाड्याला देऊ.